वार्निश मारल्यावर मिनिएचरवर पांढरी साय धरते : कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

टेबलावरच्या युद्धखेळाचे चाळीस छोटे शिपाई रंगवून झाले, खाचांतलं नल्न ऑइल (सावलीसाठीचा पातळ काळा वॉश) वाळलं, कडा उजळून झाल्या, आता मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, वार्निशचा एक हात तेवढा राहिला. तो मारला आणि दहा मिनिटांत काळ्या चिलखतावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर चढला. जून ते सप्टेंबर ही तक्रार पुन्हापुन्हा येते आणि तिला उत्तरही ठरलेलं असतं : वार्निश खराब निघालं, दुसरं घ्या. बहुतेक वेळा वार्निशमध्ये काही खोट नसते. दुसरा कॅन आणला तरी तो त्याच बाल्कनीत, त्याच हवेत मारला जातो आणि तोही पांढरा पडतो.

साय दिसली की लगेच वरून आणखी एक मॅट हात मारायचा मोह होतो. तो आवरा. बहुतेक फसलेल्या मॉडेलचं खरं नुकसान पहिल्या हाताने नव्हे, घाबरून मारलेल्या दुसऱ्या हाताने झालेलं असतं. मॉडेल बाजूला ठेवा, पंख्याखाली दोन-तीन तास वाळू द्या, मग उजेडात नीट बघा.

पांढरेपणा चार प्रकारचा असतो आणि चारही प्रकारांची कारणं वेगळी असतात.

सगळ्या अंगावर एकसारखा धुरकटपणा असेल, खांद्याच्या कवचावर आणि झग्यावर सारखाच, आणि बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत लागत असेल, तर हवेतली ओल वार्निशच्या थरात अडकली आहे. पांढरं फक्त खाचांत साठलं असेल, म्हणजे पट्ट्यांच्या कडेला, बोटांच्या मधे, आणि उंच भाग ठीक असतील, तर वार्निश नीट न हलवता किंवा फार जाड मारलं गेलं आहे. बोटाला सॅंडपेपरसारखं खरखरीत लागत असेल आणि नखाने ओरखडलं की पीठ निघत असेल, तर थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळले आहेत. आणि पांढरं फक्त सांध्याभोवती असेल, दंड-खांद्याच्या जोडावर किंवा पाय जिथे बेसला (खालच्या चकतीला) चिकटवले तिथे, तर वार्निशचा काही संबंध नाही, ती सुपरग्लूची करामत आहे.

खात्री करायला एक सोपी चाचणी आहे. स्वच्छ ब्रश साध्या पाण्यात बुडवून पांढऱ्या भागावर फिरवा. ओलं असेपर्यंत खालचा रंग पूर्ववत दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरं झालं, तर रंग शाबूत आहे. वरच्या थरात केवळ सूक्ष्म पोकळ्या आहेत, त्यांत उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. हे मॉडेल वाचतं. ओलं केल्यावरही पांढरं तसंच राहिलं, तर तिथे जाड दुधाळ थर बसला आहे आणि मेहनत जास्त लागेल.

ओल नेमकी कुठून येते

स्प्रेमधला वायू आणि द्रावक उडून जाताना उष्णता ओढून घेतात. कॅन दहा-पंधरा सेकंद सलग दाबला तर तो हातात गार लागतो, तसाच गारवा मॉडेलच्या पृष्ठभागावरही येतो. त्या पृष्ठभागाचं तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेलं की गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात तसं पाणी ओल्या वार्निशवर धरतं. द्रावक निघून जातो, वार्निश घट्ट होतं, पाणी नंतर उडतं आणि मागे पोकळ्या ठेवून जातं.

आता आकडे बघा. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १८ अंशांवर असतो. म्हणजे पृष्ठभाग बारा अंशांनी गार झाला तरच पाणी धरेल, तेवढा तो सहसा होत नाही. तेच ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे जुलैतली मुंबई किंवा रत्नागिरी, अशा हवेत दवबिंदू २७ अंशांच्या वर जातो. आता केवळ तीन अंशांचा फरक पुरतो, आणि एक लांब फवारा तेवढं काम आरामात करतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी हिवाळ्यात थंड गॅरेजमध्ये स्प्रे केला तरी हेच होतं : ८ अंश आणि ८५ टक्क्यांना दवबिंदू साडेपाचच्या आसपास असतो, फरक पुन्हा अडीच अंशांचाच. म्हणून "उन्हाळ्यासारखं गरम आहे, चालेल" हा हिशेब चुकीचा आहे. बघायची ती आर्द्रता.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जुने हातही अडकतात. पावसाळ्यात रंगकाम एसीच्या खोलीत चालतं. खोली २४ अंशांवर. मॉडेल तिथून उचलून थेट बाल्कनीत नेलं, जिथे दवबिंदू २७ आहे. आता स्प्रे मारायच्या आधीच मॉडेल दवबिंदूपेक्षा गार आहे. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते, तसंच त्याच्यावर न दिसणारं पाणी धरलेलं असतं. धातूची मॉडेल यात सगळ्यांत वाईट, कारण ती जास्त वेळ गार राहतात. यावर उपाय फुकटचा आहे : मॉडेल आणि कॅन दोन्ही अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवा, किंवा मॉडेलवर हेअर ड्रायर मंद आचेवर एक मिनिट हातभर लांबून फिरवा. मॉडेल हाताला किंचित कोमट लागलं पाहिजे, गरम नव्हे. पॉलिस्टायरीनच्या (किटच्या कडक प्लॅस्टिकच्या) बारीक तलवारी आणि भाले जास्त उष्णतेने वाकतात.

आर्द्रता अंदाजाने ओळखू नका. लहान डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो, पण स्वस्त मापक पाच-सात टक्के खोटं बोलू शकतो. तो तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढंच पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसले पाहिजेत. मापक ८० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी त्यातून पाच वजा करायचे. आमचा नियम असा : ६० च्या खाली बिनधास्त, ६० ते ७० मध्ये पातळ हात आणि आधी चाचणी, ७० च्या वर मॅट स्प्रे नाहीच. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, त्या मानाने थोडा सोसतो, कारण त्यावर पुढे रंग चढायचा असतो. वार्निशवर काही चढत नाही.

पुण्याकडे पावसाला उघडीप मिळाली की दुपारी एक ते चारच्या दरम्यान आर्द्रता बरीच उतरते, ती वेळ धरा. पहाटेची आणि रात्रीची हवा सगळ्यांत दमट. कोकणात आणि गोव्यात चार महिने अशी खिडकी जवळपास मिळतच नाही. तिथे स्प्रेच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ब्रशने लावायचं वार्निश वापरा. त्याबद्दल पुढे.

पांढरं पडलेलं मॉडेल परत आणणं

पाण्याच्या चाचणीत रंग परत दिसला असेल तर पोकळ्या भरून काढायच्या आहेत. त्यासाठी ग्लॉस वार्निश. मॅट नाही, सॅटिन (अर्धवट चकाकीचं) नाही, ग्लॉस. त्यात मॅट करणारी पूड नसते, त्यामुळे ते पोकळ्यांत शिरून पारदर्शक घट्ट होतं. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक ग्लॉस घ्या, सिटाडेलचं आर्डकोट किंवा वाय्येहोचं ग्लॉस वार्निश, कुठलंही चालेल. पाच थेंब वार्निशला एक थेंब पाणी. मऊ ब्रशने वरून खाली, एकदा फिरवलेल्या जागी परत न घासता पातळ हात द्या. खाचांत साठलं तर ब्रश कागदावर कोरडा करून जास्तीचं टिपून घ्या. मॉडेल प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं चकचकीत दिसेल, पण रंग परत येईल. पावसाळ्यात पुढच्या हाताआधी २४ तास थांबा, मग ब्रशनेच मॅटचा एक पातळ हात. चकाकी जाते.

सगळं मॉडेल स्प्रेच्या ग्लॉसने वाचवायचं असेल तर तो मात्र कोरड्या हवेतच. ज्या हवेने बिघडवलं तीच हवा दुरुस्त करणार नाही.

तेलाचा उपायही प्रसिद्ध आहे आणि तो चालतो. जुन्या ब्रशने तेलाचा अगदी पुसट थर धुरकट भागावर चोळायचा आणि जास्तीचं कापडाने टिपायचं. परदेशात ऑलिव्ह तेल वापरतात. आपल्याकडे घरात खोबरेल असतं म्हणून ते लावू नका, २४ अंशांच्या खाली ते गोठतं आणि डिसेंबरात मॉडेल पुन्हा पांढरं दिसायला लागतं. शेंगदाण्याचं तेल काही महिन्यांत खवट होतं. वापरायचंच तर लहान बाळांना लावायचं मिनरल ऑइल घ्या, ते वास धरत नाही. पण तेल लावलेल्या जागी नंतर रंग किंवा वार्निश धरत नाही आणि धूळ चिकटते. ज्या मॉडेलला पुन्हा हात लावायचा नाही आणि जे काचेच्या कपाटात राहणार आहे, त्याच्यापुरता हा उपाय ठीक. खेळात दर आठवड्याला उचलायच्या सैन्यासाठी नाही.

पांढरं खाचांत साठलं असेल तर गोष्ट वेगळी. मॅट वार्निशमध्ये चकाकी मारण्यासाठी बहुधा सिलिकाची अतिबारीक पूड असते. ती तळाशी बसते. बाटली किंवा कॅन नीट हलवला नाही तर आधी नुसतं पातळ, चकचकीत वार्निश निघतं आणि शेवटी शेवटी पूडच पूड. कॅनमधली गोळी खडखडायला लागली की तिथून पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवायचं, घड्याळ लावून. आणि दर चार-पाच मॉडेलनंतर पुन्हा दहा सेकंद. ड्रॉपर बाटली उलटी करून तळाशी पांढरा थर चिकटलेला दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर आत एक-दोन स्टीलच्या छऱ्याच्या गोळ्या टाका. स्टेनलेसच घ्या, साधं लोखंड गंजतं आणि वार्निश पिवळं पडतं. साठलेली पूड ग्लॉसच्या एका हाताने बरीच दबते, पण जाड असेल तर तेवढी जागा पातळ केलेल्या मूळ रंगाने पुन्हा रंगवणं हाच लवकरचा मार्ग. हाडाच्या किंवा फिक्या रंगावर तर दिसतही नाही, सोडून द्या. काळा, गडद निळा आणि गडद लाल यांच्यावरच सगळं उघडं पडतं.

खरखरीत प्रायमर : हा उन्हाळ्याचा आजार

मेमध्ये नागपूर-अकोल्याला ४४ अंशांत, कोरड्या वाऱ्यात स्प्रे केला की बरोबर उलट होतं. थेंब नोझलमधून निघतात आणि वाटेतच सुकतात. मॉडेलवर रंग बसत नाही, रंगाची भुकटी बसते. त्यावर कितीही पातळ रंग द्या, चेहऱ्यावर देवीचे व्रण असल्यासारखं दिसतं, आणि वॉश त्या खरखरीत जागेत डाग धरतो.

इथे अंतर महत्त्वाचं. कॅनवर सहसा २० ते ३० सेंटीमीटर लिहिलेलं असतं. ४० अंशांत तीस सेंटीमीटर फार झालं, १५ ते १८ वर या आणि हात जलद फिरवा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा, मॉडेलवरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे बाहेर जाऊन सोडायचा. एक फेरी एका सेकंदाची. लाकडी पट्टीवर डबल टेपने पाच-पाच मॉडेल, दोन बोटांचं अंतर ठेवून चिकटवली की पट्टी फिरवत चारही बाजू घेता येतात. पहिल्या हातात प्लॅस्टिक पूर्ण झाकायचं नाही, साठ-सत्तर टक्के झाकलं तरी पुष्कळ. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरकून टाका आणि उन्हात ठेवलेला कॅन वापरू नका. ५० अंशांच्या वर कॅन धोकादायक असतो, बंद गाडीत तर तो ठेवूच नये.

खरखर हलकी असेल तर जुना, ताठ केसांचा टूथब्रश कोरडाच घासा, बरीच भुकटी निघते. सपाट भाग, म्हणजे रणगाड्याच्या बाजू वगैरे, १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून दोन-चार हात फिरवले की सुधारतात. चेहरे आणि साखळ्या यांना पेपर लावू नका, तपशील जातो.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. स्प्रे कॅन ज्वलनशील म्हणून साध्या हवाई टपालाने पाठवता येत नाहीत, त्यामुळे छंदासाठी बनवलेले प्रायमर सहजी मिळत नाहीत आणि मंडळी हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांसाठीचा स्प्रे उचलतात. काही चांगले चालतात. काहींचा द्रावक इतका कडक असतो की पॉलिस्टायरीन मऊ पडतं, बारीक रिबिटं वितळून सपाट होतात, आणि हे लगेच कळत नाही, वाळल्यावर कळतं. नवा ब्रँड आणला की आधी रिकाम्या स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर मारा आणि एक दिवस थांबा. स्प्रूवर उठावाची अक्षरं असतात, ती तशीच धारदार राहिली तर चालेल. रेझिनवर आणि थ्रीडी प्रिंटवर ही चाचणी वेगळी करायची, पॉलिस्टायरीनवर पास झालेला स्प्रे तिथे चालेलच असं नाही.

सांध्याभोवतीचा पांढरेपणा

सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. दमट हवेत तो भराभर धरतो, आणि जास्त लावला तर त्याची वाफ बाजूच्या पृष्ठभागावर बसून पांढरी पडते. प्रायमरच्या आधी लक्षात आलं तर काहीच करायला नको, प्रायमरखाली जातं. रंगवल्यावर बेसला चिकटवताना झालं तर ग्लॉसचा ठिपका.

मुळात पॉलिस्टायरीनच्या किटला, गेम्स वर्कशॉप या कंपनीचे जवळपास सगळे प्लॅस्टिकचे सेट याच जातीचे, सुपरग्लू हवाच कशाला? प्लॅस्टिक सिमेंट, उदाहरणार्थ टामियाचं पातळ सिमेंट, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. सांधा दोन बाजूंनी जुळवून धरायचा, ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, द्रव आपोआप आत ओढला जातो. सिमेंट धातूला आणि रेझिनला चालत नाही, तिथे सुपरग्लूच, पण टाचणीच्या डोक्याएवढा. आणि सुपरग्लूची बाटली फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून तासभर तरी झाकण उघडू नका. गार बाटलीत दमट हवा शिरली की आत पाणी धरतं आणि आठवड्यात नळी बंद.

पावसाळ्यापुरती व्यवस्था

सैन्य मोठं असेल तर स्प्रेचा विचार ऑक्टोबरवर ढकला आणि तोवर ब्रश. वाय्येहोचा सरफेस प्रायमर ब्रशने दोन पातळ हातांत बसतो, मात्र तो पॉलियुरेथेनचा असल्याने २४ तास पूर्ण वाळू द्यावा लागतो. अर्धवट वाळलेला रबरासारखा सोलून निघतो. एअरब्रश असेल तर १५ ते २० पीएसआय दाब, ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरची सुई, आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी पकडणारा सापळा. दमट हवा दाबली की टाकीत पाणी होतंच. सापळा हाताच्या जवळ लावा, कारण कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम हवा नळीतून येताना गार होते आणि पाणी पुढे जाऊन सुटतं. दर अर्ध्या तासाने त्याचा खालचा पेच दाबून पाणी काढा. काम संपल्यावर टाकीही रिकामी करा, नाहीतर आतून गंजते.

वाळवायला झाकणाचा मोठा स्टीलचा डबा पुरतो. तळाला अर्धा किलो सिलिका जेल, नारिंगी रंगाची, वर जाळी, जाळीवर मॉडेल. स्प्रेचं मॉडेल मात्र आधी तासभर उघड्यावर ठेवून वास गेल्यावरच डब्यात. जेल हिरवी पडली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा नारिंगी होते. स्वयंपाकाच्या भांड्यात ठेवू नका, त्यासाठी वेगळा ट्रे असू द्या.

स्प्रे करताना घरात निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी चालू नसावी, बाल्कनी स्वयंपाकघराला लागून असेल तर विशेष. कापडी मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, कोळशाच्या काडतुसाचा लागतो.

काहीच वाचत नसेल तर

रंग उतरवायचा. प्लॅस्टिकची मॉडेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन ते चार तास बुडवून टूथब्रशने घासा. रेझिन जास्त वेळ ठेवू नका, मऊ पडतं. डेटॉलनेही ॲक्रिलिक रंग सुटतो, फक्त घासताना पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की सुटलेला रंग डिंकासारखा चिकट होतो आणि ब्रश, बोटं, मॉडेल सगळ्यांना धरतो. आधी नुसत्या डेटॉलमध्ये घासून, दुसऱ्या स्वच्छ डेटॉलमध्ये खळबळून, मगच साबणाचं पाणी. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर फक्त धातूला. पॉलिस्टायरीनला लावलं तर शिपायाचा गोळा होतो.

आणि पुढच्या वेळी पूर्ण पथकावर मारण्याआधी काळ्या रंगाचा एक हात दिलेला स्प्रूचा तुकडा त्याच जागी, त्याच अंतरावरून फवारा आणि वीस मिनिटं थांबा. तो काळाच राहिला तरच मॉडेल बाहेर काढा.